सामान्य ड्रायव्हर आणि विशेष ड्रायव्हर : एका रचनातत्त्वाचे परीक्षण

१

नरखेड तालुक्यातील एखाद्या विद्यालयात लिनक्सवर चालणारा संगणक असला आणि त्यास बाजारात मिळणारा कोणताही साधा यूएसबी कळफलक जोडला, तर तो बहुधा तत्काळ काम देऊ लागतो. त्या कळफलकाच्या निर्मात्याच्या नावाने कर्नेलमध्ये एक ओळही लिहिलेली नसली तरी त्याचे काही अडत नाही. क्वचित मात्र असा कळफलक हाती येतो की, त्याच्या चार-दोन कळा भलताच संकेत पाठवितात, आणि तेवढ्यासाठी त्याचा स्वतंत्र बंदोबस्त करावा लागतो. पहिल्या कळफलकाचा कारभार जो ड्रायव्हर पाहतो तो सामान्य. दुसऱ्याचा जो पाहतो तो विशेष. परंतु या दुसऱ्या ड्रायव्हरचेही बहुतेक काम पहिल्यासारखेच असते. भेद असतो तो चार-दोन कळांपुरता. मग उभयतांचे समाईक काम कोठे ठेवावयाचे, त्याचा कर्ता कोणास मानावयाचे, आणि विशेषाने आपला भेद कोणत्या रूपाने सांगावयाचा? प्रस्तुत परीक्षणाचा विषय एवढाच आहे.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या यंत्रसामग्रीवर प्रत्यक्ष अधिकार चालविणारा मूळ कार्यक्रम, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या कर्नेलमध्ये एकेका यंत्राची भाषा जाणणारा भाग, इतके ध्यानी घेतले म्हणजे पुढील विवेचनास पुरे. भाषेच्या अभ्यासकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सामान्य नियम आणि त्याचा अपवाद, प्रमाणभाषा आणि बोली, समाईक लिपी आणि तीत लिहिली जाणारी विशिष्ट भाषा, या सर्व ठिकाणी हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. कर्नेलचे वैशिष्ट्य असे की, तेथे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे लिहून, वापरून आणि मोडून पाहिली गेली आहेत, आणि त्या सर्व फेरफारांचा क्रमवार लेखी इतिहास उपलब्ध आहे. व्याकरणशास्त्रास अशी प्रयोगशाळा सहसा लाभत नाही.

२

या प्रश्नाचे सर्वांत नेटके विवेचन नील ब्राऊन यांनी २००९ साली कर्नेलच्या रचनाबंधांवर लिहिलेल्या लेखमालेत आढळते. कर्नेलचा वरचा भाग आणि यंत्राजवळचा ड्रायव्हर यांच्यामध्ये समाईक कामाचा एक थर घालण्याचा मोह रचनाकारास होतो. हा मधला थर सर्व सूत्रे आपल्या हाती ठेवतो आणि ड्रायव्हरला केवळ गरजेपुरते बोलावतो. ब्राऊन यांच्या मते ही चूक होय. समाईक काम थराच्या रूपाने न ठेवता लायब्ररीच्या रूपाने ठेवावे. म्हणजे त्यातील हवा तो भाग प्रत्येक ड्रायव्हर आपल्या सोयीने वापरील, हवा तेथे त्यात भर घालील, आणि नको असेल तेथे तो बाजूस ठेवील. येथे खरा भेद आज्ञेच्या दिशेचा आहे. थरात सामान्य हा विशेषाला बोलावतो, तर लायब्ररीत विशेष हा सामान्याला बोलावतो.

ब्राऊन यांच्या प्रतिपादनाची सत्यता पाहावयाची तर एसडी कार्डाच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर, एसडीएचसीआय, यासारखे उदाहरण नाही. या नियंत्रकांसाठी एक प्रसिद्ध मानक आहे आणि अनेक निर्माते त्यास अनुसरून यंत्रे तयार करतात. पिएर ऑसमन यांचा हा ड्रायव्हर २००६ साली कर्नेलमध्ये आला. मानक एक, तेव्हा ड्रायव्हरही एक, ही त्यामागील भूमिका स्वाभाविकच होती. प्रत्यक्षात प्रत्येक निर्मात्याचे यंत्र मानकापासून कोठे ना कोठे ढळलेले निघाले. कोणास घड्याळाचा वेग बदलण्यापूर्वी वेगळी तयारी लागे, कोणाची कार्ड ओळखण्याची व्यवस्था विश्वासार्ह नसे, तर कोणाचे यंत्र विशिष्ट मापाचाच मजकूर एका वेळी स्वीकारी. अशा प्रत्येक भेदासाठी एक खूण ठरविण्यात आली. कर्नेलच्या परिभाषेत तिला क्वर्क म्हणतात. क्वर्क म्हणजे तऱ्हा, विक्षिप्तपणा. सामान्य ड्रायव्हर काम करता करता जागोजाग विचारू लागला : या यंत्रास अमुक खूण आहे काय? असल्यास असे करा, नसल्यास तसे करा.

या खुणा साठविण्यासाठी बत्तीस बिटांचा एक शब्द होता. तो अपुरा पडला, म्हणून तशाच दुसऱ्या शब्दाची योजना करावी लागली. यातील भाषेची बाजू विशेष लक्षणीय आहे. मूळ लेखनात पहिल्या शब्दाशेजारी टीप आहे तिचा आशय 'मानकापासूनची च्युती' असा आहे, आणि दुसऱ्याशेजारच्या टिपेचा आशय 'आणखी च्युती' असा. ज्या संस्थेत विशेष हा केवळ च्युतीच्या नावाने ओळखला जातो, तेथे त्यास स्वतःचे वर्णन करण्याची भाषाच उरत नाही. त्याच्याविषयी जे सांगावयाचे ते सामान्याच्या मुखाने आणि नकारार्थी सांगावे लागते. व्यवहारातील परिणामही याच दिशेने होतो. एका यंत्रासाठी घातलेली खूण इतर सर्वांच्या वाटेवर उभी राहते. दोन खुणा एकत्र आल्या तर काय घडेल हे कोणीच पडताळलेले नसते. आणि मुख्य प्रवाहाचा मजकूर वाचणाऱ्यास साधे मानक यंत्र कसे चालते हेच दिसेनासे होते.

२०१४ साली रसेल किंग यांनी या ड्रायव्हरची जी दुरुस्ती केली ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. यंत्र मूळपदावर आणणे, घड्याळाचा वेग ठरविणे, संकेतवहनाची रीत निवडणे ही कामे त्यांनी सामान्य ड्रायव्हरच्या पोटातून बाहेर काढली आणि प्रत्येकाचे स्वतंत्र लायब्ररी-फलन केले. प्रत्येक विशेष ड्रायव्हरकडे क्रियांची एक सारणी असते. तीत आता तो एक तर ते तयार फलन ठेवतो, किंवा स्वतःचे फलन ठेवून त्यातून तयार फलनास बोलावतो, आणि त्याच्या आधी वा नंतर आपले अधिकउणे करतो. पूर्वी 'या यंत्राचा वेग बदलताना अमुक च्युती आहे' असे लिहावे लागे. आता 'या यंत्राचा वेग असा बदलतात' असे विधान करता येते. काम तेच राहिले, पण वाक्याचा कर्ता बदलला. त्या बदलाबरोबर कित्येक खुणांचे प्रयोजनही संपले.

३

एसडीएचसीआयच्या बाबतीत लायब्ररीचे तत्त्व उशिरा आणि दुरुस्तीच्या रूपाने आले. साटा जातीच्या तबकड्यांच्या एएचसीआय नियंत्रकांत ते लवकर आणि अधिक शांतपणे आले. हे नियंत्रक प्रथम पीसीआय या जोडमार्गावरच आढळत, आणि ड्रायव्हरही पीसीआय गृहीत धरून लिहिलेला होता. पुढे तेच नियंत्रक लहान यंत्रांच्या चिपांत पीसीआयवाचून बसविले जाऊ लागले. तेव्हा २०१० साली अँटन व्होरोन्त्सोव यांनी ड्रायव्हरचे विभाजन केले. नियंत्रकाशी प्रत्यक्ष संभाषण करणारा भाग लिबएएचसीआय या नावाने वेगळा झाला, तर पीसीआयवरील शोध आणि जुळवणी यांचा भाग मूळ ड्रायव्हरमध्ये राहिला. पीसीआयवाचूनच्या यंत्रांसाठी त्याच लायब्ररीवर उभा असलेला दुसरा ड्रायव्हर आला.

परंतु एवढ्याने प्रश्न संपला नाही. हा दुसरा ड्रायव्हर स्वतःच हळूहळू मधला थर बनू लागला. निरनिराळ्या चिपांना विद्युत्पुरवठा, घड्याळे आणि संकेतवाहक भाग निरनिराळ्या क्रमाने चालू करावे लागत, आणि तो क्रम पुरविण्यासाठी सामान्य ड्रायव्हरला आडमार्गाने सूचना द्याव्या लागत. २०१४ साली हान्स डी ख्यूदे यांनी त्यातीलही समाईक भाग वेगळा करून लायब्ररीची दुसरी पायरी बांधली. साधनांचा संग्रह करणे, ती चालू करणे, बंद करणे आणि नियंत्रकाची स्थापना करणे ही त्या पायरीवरील स्वतंत्र फलने होत. जे यंत्र सर्वसामान्य आहे त्याच्यासाठी ही फलने नेहमीच्या क्रमाने बोलावणारा एक आटोपशीर सामान्य ड्रायव्हर उरला. ज्यांचा क्रम वेगळा त्यांनी तीच फलने आपल्या क्रमाने बोलवावीत, अशी सोय झाली.

या उदाहरणातून निघणारा सिद्धांत ब्राऊन यांच्या प्रतिपादनात स्पष्टपणे येत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. लायब्ररीच्या रचनेत सामान्य ड्रायव्हर हा विशेषांचा पूर्वज किंवा स्वामी नसतो. तो त्यांचाच एक भाऊ असतो. त्याची स्वतःची अशी विशेष मागणी नसते, एवढाच त्याचा विशेष. समाईक संपत्ती त्याच्या मालकीची नसून सर्वांच्या खालच्या पायरीवर ठेवलेली असते. सामान्य ड्रायव्हर आणि समाईक भाग या दोन वस्तू भिन्न आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळे या क्षेत्रातील पुष्कळ गोंधळ होतो. 'जे सर्वांना लागते' आणि 'ज्याला वेगळे काही लागत नाही' या कल्पना एकमेकींच्या जवळच्या भासतात, पण त्या एक नव्हेत.

४

आता मूळच्या कळफलकाकडे वळावयाचे. कळफलक, माऊस इत्यादी साधनांसाठी एचआयडी नावाचे मानक आहे. त्याची रचना वरील दोहोंहून मुळातच निराळी आहे. येथे साधन स्वतःचे वर्णन स्वतः पाठविते. 'माझ्याकडून येणाऱ्या मजकुरात प्रथम इतके बिट अमुक कळांचे, त्यानंतर इतके तमुक कळांचे' अशा अर्थाच्या घटकांची ती एक मालिका असते. तिच्यातील काही घटक एकदा सांगितले की बदलेपर्यंत पुढील सर्व विधानांना लागू राहतात, तर काही घटक केवळ लगतच्या विधानापुरते असतात. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकास येथे अनुवृत्तीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पूर्वसूत्रातील पद पुढील सूत्रांत चालू ठेवून शब्दलाघव साधण्याची ती युक्ती या वर्णनभाषेत स्वतंत्रपणे अवतरली आहे.

साधनच आपले व्याकरण सांगत असल्यामुळे सामान्य ड्रायव्हर खरोखरच सामान्य होऊ शकतो. तो यंत्र जाणत नाही. तो वर्णनाची भाषा जाणतो. विशेष ड्रायव्हरची गरज पडते ती साधनाने स्वतःविषयी चुकीचे सांगितले तर, किंवा त्या भाषेत सांगता येणार नाही असे काही त्याच्यापाशी असले तर. पहिल्या प्रकारासाठी विशेष ड्रायव्हर ते वर्णन वाचले जाण्यापूर्वीच दुरुस्त करतो. पुढील सर्व अर्थनिर्णय सामान्य यंत्रणेकडेच राहतो. कळांच्या अर्थनिश्चितीच्या वेळीही त्यास विचारले जाते, आणि त्याला तीन उत्तरे देता येतात : ही कळ सोडून द्या, हिचा अर्थ मी लावला आहे, किंवा, नेहमीप्रमाणे चालू द्या. तिसरे उत्तर फार मोलाचे आहे, कारण त्यामुळे विशेषाला आपल्या भेदापुरतेच बोलून गप्प राहता येते.

पण कोणते साधन कोणाच्या ताब्यात द्यावयाचे? येथे व्याकरणशास्त्राशी असलेले साम्य केवळ वरवरचे राहत नाही. २००८ सालापर्यंत विशेष साधनांचे भेद मुख्य भागातच क्वर्कांच्या रूपाने होते. त्या वर्षी त्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर झाले. २०१२ साली सामान्य कामासाठीही वेगळा ड्रायव्हर निर्माण झाला. तथापि 'या साधनांना विशेष ड्रायव्हर आहे, सामान्याने त्यांना हात लावू नये' अशी एक लांबलचक यादी मुख्य भागात राहिलीच. नवा विशेष ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपल्या फाईलीत साधनाची नोंद करावयाची आणि शिवाय या यादीतही करावयाची. ही यादी म्हणजे एक गणपाठ होय, आणि गणपाठाचे सर्व दोष तिच्यात होते. सूत्र एका ठिकाणी आणि गण दुसऱ्या ठिकाणी असल्यामुळे दोहोंचा मेळ कायम राखणे हे एक वेगळेच ओझे होऊन बसले. बेंजामिन टिस्वार यांच्या बदलामुळे ४.१६ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ साली, या यादीची अनिवार्यता संपली. आता साधन स्वीकारण्यापूर्वी सामान्य ड्रायव्हर उपस्थित असलेल्या इतर सर्व ड्रायव्हरांकडे पाहतो. त्यांपैकी कोणी त्या साधनावर हक्क सांगत असेल तर तो मागे सरतो, आणि कोणीच नसेल तर ते आपल्याकडे घेतो.

नागेशभट्टांचा 'परिभाषेन्दुशेखर' एफ्. कीलहॉर्न यांनी पुण्यास डेक्कन कॉलेजात प्राध्यापक असताना संपादित केला आणि १८७४ पर्यंत त्याचे भाषांतर पूर्ण केले. त्या ग्रंथात उत्सर्ग आणि अपवाद यांच्या क्रमाविषयी दोन मते नोंदलेली आहेत. एका मताप्रमाणे अपवाद आधी आपापली क्षेत्रे व्यापतात आणि उरलेल्या ठिकाणी उत्सर्ग येतो. दुसऱ्या मताप्रमाणे उत्सर्गच आधी अपवादाचा विषय मनाशी निश्चित करतो आणि तो वगळून मग प्रवृत्त होतो. २०१८ नंतरच्या सामान्य ड्रायव्हरचे वर्तन दुसऱ्या मताचे तंतोतंत उदाहरण आहे.

साम्याची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. व्याकरणाचा सूत्रपाठ पूर्ण झालेला असतो. त्यातील सर्व अपवाद एकाच वेळी उपस्थित मानले जातात. कर्नेलमध्ये विशेष ड्रायव्हर मागाहूनही येऊ शकतो. सामान्याने साधन ताब्यात घेतले आहे, काम सुरू आहे, आणि अशा वेळी अपवाद दाखल होतो. याकरिता कर्नेलात अशी तजवीज आहे की, नवा विशेष ड्रायव्हर आल्यावर सामान्याने धरलेली त्याची साधने सोडवून त्यांची पुन्हा वाटणी केली जाते. प्रवृत्त झालेला उत्सर्ग मागे घेण्याची ही कल्पना प्राचीन शास्त्राच्या चौकटीत सहज बसणारी नाही. २०२३ सालच्या ६.३ आवृत्तीपासून तर साधनाच्या वर्णनातील चूक कर्नेलचा मूळ मजकूर न बदलता, बाहेरून पाठविलेल्या लहानशा कार्यक्रमाने सुधारण्याची सोय झाली आहे. अपवादाने शास्त्राबाहेर राहूनही शास्त्रात प्रवेश करावा, अशी ही स्थिती आहे.

५

लायब्ररीच्या तत्त्वावरील आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप पुनरुक्तीचा. प्रत्येक विशेष ड्रायव्हर आपला क्रम स्वतः लिहू लागला की तोच क्रम अनेक ठिकाणी थोड्याथोड्या फरकाने लिहिला जातो, आणि त्यातील चूकही तितक्याच ठिकाणी पसरते. मधल्या थरात ती एका ठिकाणी सुधारता आली असती. दुसरा आक्षेप शिस्तीचा. ज्यास समाईक भाग टाळण्याची मोकळीक आहे तो आळसाने किंवा अज्ञानानेही तो टाळील. हे दोन्ही आक्षेप अंशतः खरे आहेत. त्यांना मिळणारे उत्तर रचनेच्या तत्त्वातून येत नसून लिनक्सच्या संस्थात्मक स्थितीतून येते. तेथे ड्रायव्हर बहुशः एकाच मूळ संग्रहात राहतात आणि अंतर्गत रचना कायम ठेवण्याचे वचन कोणासही दिलेले नाही. त्यामुळे लायब्ररी-फलनाचे रूप बदलणारा मनुष्य त्यास बोलावणारे सर्व ड्रायव्हर त्याच वेळी बदलू शकतो. जेथे अशी एकत्र मालकी नाही तेथे हेच तत्त्व महाग पडेल. ब्राऊन यांचा निष्कर्ष सार्वत्रिक म्हणून स्वीकारण्यापूर्वी ही अट सांगितली पाहिजे.

शिवाय तिन्ही उदाहरणे एकाच साच्याची नाहीत. त्यांची तुलना केली असता एक कसोटी हाती लागते. क्रम सर्वत्र एकच असून केवळ मूल्ये वेगळी असतील, तर मूल्यांची सारणी पुरते; तेथे मधला थर असला तरी बिघडत नाही. क्रमच वेगळा असेल, तर लायब्ररीवाचून गत्यंतर नाही. एसडीएचसीआयचा इतिहास क्रमभेदाला मूल्यभेद मानल्याचा इतिहास आहे. आणि विशेष स्वतःचे वर्णन करू शकत असेल, तर सामान्याने यंत्रांऐवजी वर्णनाची भाषा शिकावी, आणि विशेष ड्रायव्हर त्या वर्णनाच्या दुरुस्तीपुरता ठेवावा. कोणत्या रचनेची निवड करावी हे अशा रीतीने भेदाच्या जातीवर ठरते.

६

ही कसोटी भाषेच्या वर्णनास लावून पाहिली तर जे दिसते ते फारसे सुखद नाही. नरखेड तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकास असून त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि पश्चिमेस अमरावती जिल्ह्यातील वरूड हे प्रदेश येतात. येथील वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या बोलीत 'मला, तुला' यांच्या जागी 'मले, तुले' येते. 'काळा, डोळा' यांचे उच्चार 'काया, डोया' असे होतात. आज्ञार्थाशेजारी 'येजो, जाजो' अशी रूपे आढळतात. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडापासून अशा बोलींच्या वर्णनाची रूढ रीत ही की, प्रमाणभाषा पूर्ण सांगावयाची आणि मग बोलीत काय वेगळे आहे त्याची यादी द्यावयाची. ती यादी म्हणजे खुणांचा तोच बत्तीस बिटांचा शब्द होय.

कसोटीप्रमाणे पाहता 'मला' आणि 'मले' यांतील भेद हा मूल्यभेद आहे. संप्रदानाचा संबंध तोच, त्याची जागा तीच. तेथे '-ला' ऐवजी '-ले' बसविले की काम भागते. 'काळा'चे 'काया' होणे हेही एका जागी सांगून संपणारे आहे. परंतु 'येजो'चे तसे नाही. ते 'ये' या रूपाच्या जागी आलेले दुसरे रूप नव्हे. बोलीत 'ये' आहेच, आणि त्याच्या शेजारी 'येजो' उभे आहे. त्याचा अर्थ लावावयाचा तर त्या बोलीतील आज्ञार्थाची संपूर्ण व्यवस्था, तिच्यातील अंतर्गत विरोधांसह, स्वतंत्रपणे मांडावी लागेल. च्युतींच्या यादीत हे दोन प्रकार शेजारी शेजारी आणि एकाच मापाने नोंदले जातात. परिणामी प्रमाणभाषेत जिला जागाच नाही अशी रूपव्यवस्था यादीतून निसटते किंवा चुकीच्या जागी कोंबली जाते. प्रमाण मराठी ही येथे सामान्य ड्रायव्हरच्या स्थानी आहे. सर्व मराठी बोलींची समाईक संपत्ती तिच्याहून वेगळी असून तिच्याही खालच्या पायरीवर आहे. ही वर्णनाची पद्धत दोहोंना एकच समजते.

लिपीच्या क्षेत्रात याचा प्रत्यय रोजच येतो. देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी आदी भाषांची समाईक लिपी. व्यंजनापूर्वीच्या अर्ध्या 'र'चा रफार होतो हा तिचा सामान्य नियम. पण मराठीस 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत भेद करावा लागतो. युनिकोडमध्ये हा भेद दाखविण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्या मार्गात 'र' आणि हलन्त यांच्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून रफार रोखला जातो. ही सामान्य नियमाच्या वाटेवर ठेवलेली खूण होय. दुसऱ्या मार्गात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचाच अर्धा आकार काढला जातो, आणि 'र'चा नियम अबाधित राहतो. दुसरा मार्ग रचनेच्या दृष्टीने श्रेष्ठ का, हे वरील विवेचनानंतर निराळे सांगावयास नको.

बोलींच्या बाबतीत अर्थातच कोणी रसेल किंग येऊन एका वर्षात खुणांची फलने करणार नाही. बोलींना एकत्र मूळ संग्रह नाही आणि सर्व वापरकर्त्यांना एकाच वेळी बदलण्याचा अधिकारही कोणास नाही. परंतु वर्णन करणारा अभ्यासक आपल्या वर्णनाचा कर्ता निवडू शकतो. नरखेड तालुक्यातील एखाद्या गावच्या बोलीचे वर्णन करताना प्रथम त्या बोलीची क्रियापदव्यवस्था तिच्याच क्रमाने मांडावी. मग तीत इतर बोलींशी आणि प्रमाणभाषेशी समाईक काय आहे ते वेगळे काढावे. आणि प्रमाणभाषेस त्या समाईक भांडाराचा एक वापरकर्ता म्हणून शेवटी तपासावे. या क्रमाने काम केल्यास पृष्ठे अधिक लागतील आणि काही पुनरुक्तीही होईल. कर्नेलच्या लेखकांनी ती किंमत जाणूनबुजून दिली आहे. मराठी बोलींच्या अभ्यासात ती एकदा देऊन पाहणे अवश्य आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधास एका गावचा आज्ञार्थ हा विषय लहान समजण्याचे कारण नाही.